पोटाने वाजणारी घागर

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची घागर आहे. जुनी म्हटल्याबरोबर तोंड बारीक करू नका, मला कोणाची कीव नको. मसुऱ्याच्या खाडीकाठी आमची वाडी आहे. तिथे माझ्यापेक्षा नव्या, चकचकीत घागरी ढीगभर सापडतील. पण गवरीच्या दिवशी अख्खी वाडी जिच्याकडे कान लावून बसते ती घागर एकच, आणि ती मी. आपल्याच तोंडाने आपली बढाई मारू नये म्हणतात. पण माझी बढाई मारायला दुसरं कोण येणार? शेजारची कळशी? ती तर माझ्यावर जळते.

माझा जन्म १९५१ सालचा, वेंगुर्ल्याच्या बाजारातला. एका तांबटाने तांब्याचा पत्रा तापवला, ठोकला, पुन्हा तापवला, पुन्हा ठोकला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण कोणी देणार नव्हतं, पण घाव मात्र एकही चुकला नाही. शेवटी माझं पोट गोल झालं, गळा अरुंद झाला आणि तोंडाला जाड काठ आला. मग मला दुकानाच्या पायरीवर मांडलं. गिऱ्हाइकं यायची, टिचकी मारायची, तळ बघायची, वजन विचारायची आणि निघून जायची. मला तेव्हाही राग यायचा. अहो, टिचकी मारून कोणाच्या पोटातलं कळतं का?

मग एके दिवशी राधाबाई आली. ठेंगणी, सावळी, चाळिशी ओलांडलेली बाई. तिने टिचकी मारली नाही. तिने मला दोन्ही हातांनी उचललं, तिरकं धरलं, ओठ काठाशी आणले आणि फुंकर घातली. माझ्यातून असा काही आवाज निघाला की मीच दचकले. तांबटाचीही हातोडी थांबली.

"हीच व्हयी माका," राधाबाई नवऱ्याला म्हणाली. "हिच्या पोटात सूर आसा."

नवऱ्याने मान हलवली आणि मी मसुऱ्याला आले.

आता तुम्ही म्हणाल, घागर पाण्यासाठी, तिला सूर कशाला? सांगते. भाद्रपदात गणपतीपाठोपाठ गवर येते. आमच्या वाडीची गवर एकच, ती आमच्या शेजारच्या तुळसाच्या माजघरात बसते. त्या दुपारी बायका सुपं भरून ओवसा, म्हणजे गवरीचं वाण, आणतात, नव्या सुनांचा पहिला ओवसा असतो, आणि तो देवीला दाखवून झाला की फुगड्या सुरू होतात. फुगड्यांच्या शेवटी एक बाई रिकामी घागर दोन्ही हातांत धरून मधोमध उभी राहते, घागरीत फुंकते आणि डोलत फिरते. याला घागर घुमवणं म्हणतात. तिच्या सुरावर बाकीच्या बायका पाच फेर धरतात. पाच फेर पुरे होईपर्यंत सूर तुटायचा नाही आणि घागर खाली ठेवायची नाही, अशी आमच्या वाडीची रीत.

सहा वर्षं राधाबाईने मला घुमवलं. खाडीतले होडीवाले म्हणे वल्ही थांबवून ऐकायचे. हे मी सांगत नाही, होडीवालेच सांगायचे. गवर आली की राधाबाई आमसुलाचं पाणी आणि राख लावून मला अशी घासायची की माझ्यात तोंड दिसावं. इतर दिवशी मी पाणी भरे, पण तेही तोऱ्यात. राणी शेतात उतरली तरी राणीच ना!

पण सत्तावन्न साली राधाबाईचा नवरा तापाने गेला. त्या काळी नवरा गेलेल्या बाईने गवरीपुढच्या मांडात, म्हणजे फेराच्या जागेत, उभं राहायचं नाही अशी रीत होती. ती रीत चांगली होती असं मी म्हणणार नाही. मला कोणी विचारलंही नाही. राधाबाईने मला कोनाड्यातून काढलं, पदराने पुसलं आणि गोठ्यात नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून मी गुरांना पेज नेऊ लागले. जिच्यासाठी होडीवाले वल्ही थांबवायचे, तिच्यात रेडकू नाक खुपसू लागलं! रडू येई हो. पण घागरीला रडता येत नाही, नुसतं झिरपता येतं, आणि मी तर कुठे फुटलेही नव्हते.

वाडीत दुसऱ्या कोणाला घागर घुमवता येईना. चौघीजणींनी करून पाहिलं. फुस्स, फुस्स, आणि वर खोकला. एका वर्षी खाडीपलीकडून एक बाई आणली, ती आपली घागर घेऊन आली. पितळेची! आमच्या वाडीच्या गवरीपुढे परगावची उसनी पितळी घागर घुमली आणि मी गोठ्यात बसून ते ऐकलं. तो दिवस मी कधी विसरणार नाही.

अशात साठ साली राधाबाईच्या मुलाचं, गुरुदासचं लग्न झालं. गुरुदास मुंबईला गिरणीत कामाला. सून आली शिरोड्याची, नाव मथुरा. अंगाने भरलेली, रुंद खांद्यांची, गोल दंडांची आणि गोल पोटाची पोर. हसली की सगळं अंग हसायचं. माहेरी नारळाच्या दोन टोपल्या डोक्यावर घेऊन चालणारी ती, तिला आपल्या अंगाचं कधी काही वाटलं नव्हतं. पण इथे ती उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आली आणि ओटीवरून तुळसा म्हणाली, "गुरुदासान बायल हाडल्यान की भाताची कणगी गो?"

बायको आणली की कणगी, असं तिचं म्हणणं; कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची मोठी गोल कोठी. सगळ्या बायका खो खो हसल्या. मथुराही हसली, पण तिने पदर ओढून पोटावर घेतला, ते मी गोठ्याच्या दारातून पाहिलं. तुळसा काही दुष्ट नव्हती, बरं का. जिभेला हाड नव्हतं एवढंच. आणि गुरुदास बायकोला कधी वाकडा शब्द बोलला नाही. त्याला ती होती तशीच आवडायची. पण तो राहिला मुंबईत आणि कणगी हे नाव राहिलं वाडीत.

मग आली पहिली गवर. मथुरा ओवसा घेऊन तुळसाच्या माजघरात गेली. राधाबाई मांडात येणार नव्हती, ती स्वयंपाकघराच्या दारात बसली. येणाऱ्या बायकांना पाय धुवायला पाणी हवं म्हणून तिने मला बरोबर नेलं होतं, म्हणून मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. तुळसाने मथुरेला फुगडीला ओढलं. दोघींनी हात धरले, पाय जुळवले, गरगर फिरू लागल्या. मथुरा छान फिरत होती, पाय हलके होते तिचे. इतक्यात तिचा पदर सरकला आणि चोळीखालचं पोट उघडं पडलं. फुगडी खेळणाऱ्या बाईला एक गोष्ट ठाऊक असते: काही झालं तरी हात सोडायचा नाही. मथुरेने हात सोडला. पदर धरायला सोडला. तुळसा भिरभिरत जाऊन खांबावर आपटली आणि तिचे पुढचे दोन दात पडले.

रक्त, आरडाओरडा, हळद. पदर कोणाच्या लक्षातच आला नाही. दुसऱ्या दिवसापासून तुळसा, तोंडापुढे हात धरून, साऱ्या वाडीला सांगू लागली, "कणगी फिराक लागली नि माका वाऱ्यार सोडल्यान!" वाडीने ते मान्य केलं. वाईट याचं वाटतं की मथुरेनेही मान्य केलं. आपलं वजन माणसांचे दात पाडतं, असं तिच्या मनाने घेतलं.

आणि मग त्या पोरीने काय केलं, ऐका. सगळ्या बायका सकाळी विहिरीवर जात, ही भर दुपारी जाऊ लागली, कोणी नसताना. लावणीच्या वेळी चिखलात कोण कोणाच्या अंगाकडे बघतो? पण ही शेवटच्या बांधाला, पाठ करून. बांगड्या भरायला कासार आला, तेव्हा म्हणाला, हिच्या हाताच्या मापाची बांगडी नाही, पुढल्या खेपेला आणतो. त्यानंतर कासाराची हाक आली की ही गोठ्यात लपे, माझ्याशेजारी. पुढच्या गवरीला आईला बरं नाही असं सांगून ती शिरोड्याला गेली. तिची आई ठणठणीत होती.

सगळ्यात वाईट गोष्ट मात्र राधाबाईलाही माहीत नव्हती. मथुरेने जुन्या लुगड्याची एक लांब पट्टी फाडली होती आणि ती रोज सकाळी पोटावर करकचून आवळून बांधत होती. वर लुगडं. पोट आत, छाती वर, श्वास गळ्यात. चालताना तिला धाप लागे, आणि वाडी म्हणे, बघा, जाडीने धाप लागते!

बासष्ट सालचा वैशाख. दुपारची वेळ, ऊन असं की विहिरीच्या पायऱ्या चटकत होत्या. मथुरा मला भरून डोक्यावर घेऊन वर चढत होती. सातव्या पायरीवर तिचे डोळे फिरले आणि ती खाली बसली ती आडवीच झाली. मी सुटले. पाण्यासकट ठणठणत पाच पायऱ्या खाली गेले आणि कुशीला हा एवढा मोठा पोचा पडला.

तो ठणठणाट ऐकून राधाबाई धावत आली. सुनेला सावलीत ओढलं, तोंडावर पाणी मारलं, वारा लागावा म्हणून लुगडं सैल केलं. आणि ती पट्टी तिच्या हाताला लागली. पट्टीच्या खाली कातडीवर लाल वळ उठले होते.

"ह्या काय गो?" राधाबाईचा आवाज चिरकला. "पॉट आसा काय गवताचो भारो, आवळून बांधूक?"

मथुरा शुद्धीवर आली आणि रडू लागली. "आये, माका बगून सगळी हसतत. माज्या वजनान तुळसावयनीचे दात पडले."

"वजनान कोण पडना नाय. तू हात सोडलंस म्हणान ती पडली. माज्या डोळ्यांनी बगलंय मी."

मथुरेला ते पटलं नाही. सासू समजूत घालते असं तिला वाटलं. राधाबाईने मग वाद घातला नाही. तिने ती पट्टी सोडवली, गुंडाळी केली आणि घरी जाऊन चुलीत घातली. नंतर मला उचललं आणि पोचा चाचपला. पाच वर्षांनी तिने मला पुन्हा तोंडाजवळ नेलं. मांडात नव्हे, गोठ्यामागच्या पडवीत. हलकीशी फुंकर मारली. पोच्यामुळे माझा सूर थोडा खाली उतरला होता, जाड झाला होता. "बरो झालो उलट," ती म्हणाली. खरं सांगू? त्या पोच्याची मला फार लाज वाटत होती, आता पोचा भिंतीकडे करूनच बसावं असं मनात होतं. तिच्या त्या दोन शब्दांनी मी समोर तोंड करून बसू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत चटई घातली. राधाबाईने मथुरेला उताणं निजवलं आणि मला तिच्या पोटावर ठेवलं. मित्रांनो, मला लोकांनी डोक्यावर घेतलं, कमरेवर घेतलं, पण पोटावर कोणी घेतलं नव्हतं. मथुरेने लाजून डोळे झाकले.

"घागर वर चढव," राधाबाई म्हणाली. "छाती नको, खांदे नको. पोटान."

मी जागची हलले नाही. दोन वर्षं पोट आत ओढून ओढून पोरीला ते बाहेर सोडायचं कसं हेच आठवत नव्हतं. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि मी आपली खालीच. राधाबाई बाजूला बसून तांदूळ निवडत राहिली. घाई केली नाही की ओरडली नाही. बऱ्याच वेळाने मथुरा दमली आणि दमून तिने सगळं अंग सैल सोडलं. तेव्हा तिचं पोट आपोआप फुगलं आणि मी चांगली चार बोटं वर चढले! मग खाली आले. पुन्हा वर गेले. होडीत बसल्यासारखं वाटत होतं मला.

मथुरेच्या डोळ्यांतून कानांकडे पाणी वाहत होतं.

"पोटभर दम घेतल्यार किती दिस झाले गो?" राधाबाईने विचारलं.

मथुरेने आठवून पाहिलं. "लग्नापासना."

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. आधी नुसता श्वास. मग माझ्यात थोडं पाणी घालून श्वास. मग उभं राहणं: पावलं खांद्याइतकी फाकलेली, गुडघे ताठ नाहीत, टाचा जमिनीत रुतवलेल्या. मग राधाबाई तिला डोळे मिटायला सांगे. तळपायांत काय वाटतं ते बघ, पोटऱ्यांत काय वाटतं, कमरेत काय वाटतं, असं करत सबंध अंगातून तिला फिरवून आणी. एकदा मथुरा कुरकुरली की हे कशाला, घागर फुंकायला शिकव की. तेव्हा राधाबाई म्हणाली, "लोकांच्या डोळ्यांनी आपल्या अंगाक बगतंस, म्हणान लाज येता. आतसून बग. आतसून तुका जाडी दिसता?"

मथुरेने डोळे मिटले. "नाय आये. आत नुसती ऊब आसा."

हे वाक्य मी काठावर कोरून घेतलं असतं, कोरता आलं असतं तर.

मृग लागला, लावणी झाली, पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजू लागला तरी शाळा चालू. फुंकायला सुरुवात केली तेव्हा मथुरा गाल फुगवून फुंके आणि माझ्यात थुंकी उडे. छी! मी सहन केलं. "घागर तोंडान वाजना नाय गो, पोटान वाजता," राधाबाई शंभरदा म्हणाली असेल. आणि श्रावणातल्या एका सकाळी मथुरेने पोट सोडून दम भरला, ओठ काठाशी आणले, आणि माझ्यातून हूं असा सूर निघाला. तो खाली उतरला, भिंतीला लागला, गोठ्यातली म्हैस रवंथ करायची थांबली. पाच वर्षं मुक्या राहिलेल्या माझं काय झालं असेल, विचार करा! ज्या पोटाला वाडी हसत होती त्या पोटात इतका दम होता की राधाबाईचा सूर त्यापुढे लहान वाटावा. राधाबाईनेच तसं म्हटलं, आणि म्हणताना तिचा चेहरा असा फुलला होता की बस.

एक अडचण मात्र होती. घागर घुमवताना दोन्ही हात घागरीला लागतात. पदर सावरायला तिसरा हात नसतो. मथुरा पडवीत सुद्धा मधूनच एक हात सोडून पदर चाचपायची, आणि हात सुटला की सूर सुटायचा.

"आये, मांडात पदर पडलो तर?"

"पडांदे. पदर उचलूक येता. सूर पडलो तर उचलूक येना नाय."

गणपती दोन दिवसांवर आले आणि मथुरेचा धीर सुटला. मला गवरीला शिरोड्याला जायचंय, म्हणाली. गाठोडंही बांधलं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा रेडकू आणि पेज. राधाबाईने अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "जा तर. पण आवंदा गेलंस तर जल्मभर जातलंस." मथुरा ते गाठोडं जवळ घेऊन ओटीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते सोडलं, लुगडी दांडीवर टाकली आणि आमसूल आणि राख घेऊन मला घासायला बसली.

गवरीची दुपार. तुळसाचं माजघर बायकांनी भरलेलं. सुपांतल्या काकडीचा आणि हळदीच्या पानांचा वास. राधाबाई स्वयंपाकघराच्या दारात. मथुरा मला कमरेवर घेऊन आत आली तशी तुळसा तोंडापुढे हात धरून म्हणाली, "बाजूक सरा गो, कणगी इली!" बायका हसल्या. फुगड्या झाल्या. मग घागरीची वेळ आली आणि नेहमीप्रमाणे सगळ्या एकमेकींची तोंडं बघू लागल्या.

मथुरा उठली. मधोमध आली. पावलं फाकली, टाचा रोवल्या, पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला आणि मला दोन्ही हातांत धरलं. तिचे तळवे ओले होते, मला कळत होतं. तिने डोळे मिटले. पोट सोडलं. भरल्या माजघरात, सगळ्यांसमोर, दोन वर्षांत पहिल्यांदा सोडलं, आणि दम भरला.

हूं.

मित्रांनो, काय सूर होता तो! कोणी हसलं नाही. पहिला फेर सुरू झाला तो आपोआप झाला. पाय जमिनीवर बसले, बांगड्या वाजू लागल्या. दुसरा फेर. मथुरा डोलत फिरत होती, मी तिच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होते. तिसऱ्या फेरात कमरेला खोचलेला पदर सुटला. खांद्यावरून घसरला आणि खाली लोंबू लागला. चोळीखालचं ते गोल पोट सगळ्या वाडीसमोर उघडं पडलं.

तिच्या डाव्या हाताची करंगळी माझ्या काठावरून उचलली गेली. मग तिच्या शेजारचं बोट. माझा सूर कापला. दारात राधाबाई उठून उभी राहिली, पण तिने हाक मारली नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, सोडू नकोस गो, सोडू नकोस! पण माझ्यात जो श्वास येईल तोच मी बोलणार. मथुरेने डोळे मिटलेलेच ठेवले. टाचा अजून घट्ट दाबल्या. पोट आत ओढून घ्यायच्या ऐवजी तिने ते आणखी बाहेर सोडलं, आणि उचललेली दोन्ही बोटं परत माझ्या काठावर आली. सूर तुटता तुटता राहिला आणि दुप्पट जाड होऊन निघाला. चौथा फेर. पाचवा फेर. पदर तसाच जमिनीवर लोळत होता आणि त्याच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं.

पाच फेर पुरे झाले. मथुरेने मला खाली ठेवलं, पदर उचलून खांद्यावर टाकला, घाई न करता. मग ती सरळ तुळसाजवळ गेली. ती तशीच गप्प बसली असती तरी चाललं असतं, वाडी तिच्यावर खूश होती. पण पदर घसरला की हात कसा आपोआप सुटू बघतो, ते तिला आता कळलं होतं; राधाबाई खरं बोलली होती, आणि ते पोटात ठेवणं तिला जमेना.

"तुळसावयनी, त्या साली तू माज्या वजनान पडलंस नाय. माजो पदर सरकललो. तो धरूक मी तुजो हात सोडलंय. चूक माजी."

तुळसा पुढे सरकून बसली.

"म्हंजे माजे दोन दात तुज्या पदरापायी गेले?"

"व्हय."

"नि मी दोन वर्सा सगळ्यांका सांगत बसलंय, कणगेन उडवल्यान म्हणान!"

तुळसाला हसू फुटलं. ती तोंडापुढे हात धरायला विसरली. दात नसलेली ती मोठी काळी खिडकी सगळ्या वाडीला दिसली, आणि तुळसा पोट धरधरून हसत राहिली. दोन वर्षांत ती तशी हसली नव्हती. मग तिने डोळे पुसले आणि उठून दोन्ही हात पुढे केले.

"मगे आता पदर घट खोच नि धर हात. ह्या खेपेक सोडलंस तर तुजे दात मी पाडतलंय!"

त्या दोघींची फुगडी मी आयुष्यभर विसरणार नाही. राधाबाई दारात उभी राहून टाळ्या देत होती.

त्यानंतर मी कधी गोठ्यात गेले नाही. आज एकोणसत्तर साल उजाडलं आहे. मथुरा दरवर्षी मला घुमवते. दोन मुलांची आई झाली, अजून जाड झाली आणि सूर अजून खोल झाला. कासाराने तिच्या मापाच्या बांगड्या आणल्या, त्या ती छनछन वाजवत भर सकाळी विहिरीवर जाते. कणगी हे नाव अजून आहे, पण आता वाडी ते अभिमानाने घेते. परगावच्या बाईला सांगतात, आमच्या कणगीसारखी घागर तुमच्याकडे घुमते का? खाडीपलीकडची ती पितळी घागर सध्या काय करते मला माहीत नाही, आणि मी विचारतही नाही.

मित्रांनो, तांब्याला दर आठवड्याला घासलं नाही तर ते काळं पडतं, हे तुमच्या आया तुम्हाला सांगतील. शरीराचंही तसंच आहे. त्याला खायला घाला, हलवा, दमवा, मोकळा श्वास द्या. पण त्याला लपवू नका. तुमच्यापैकी कोणी जाड असेल, कोणी काडीसारखं बारीक, कोणी उंच, कोणी ठेंगणं, कोणाच्या अंगावर डाग असतील. लोक नावं ठेवतील. ठेवू देत, त्यांच्या तोंडाला कोण कुलूप लावणार? तुम्ही पाय रोवा आणि पोट मोकळं सोडा. कारण जो हात आपलं अंग झाकण्यात गुंतलेला असतो, तो दुसऱ्या कोणाचा तरी हात सोडून तिथे गेलेला असतो.